सिंगापुरी खानावळीतला खल

बकुळा गमरेचा आवाज गेला तो नेमका ठाकूरद्वारच्या नाक्यावर, आणि तोही ऐन घोषणेच्या मधोमध. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच—’ इथपर्यंत ती खणखणीत पोचली, आणि पुढे घशातून नुसती हवा आली. मोर्चा काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. ‘पाहिजे!’ त्याने हजार गळ्यांनी पुरं केलं आणि तो चर्नी रोडकडे वळलासुद्धा.

एकोणसाठ सालचा डिसेंबर होता. दिल्लीहून रोज नवी बातमी येत होती, आणि परळच्या चाळीतली बकुळा सुट्टी मिळाली की मोर्चात घुसत होती. पण एरवी ती ट्रंक टेलिफोनवर ऑपरेटर होती! उद्या सकाळी सातला खुर्चीत बसून ‘ट्रंक... नंबर सांगा’ म्हणायचं होतं. मोर्चात कशाला गेली होतीस म्हणून सुपरवायझर बाईंनी विचारलं, तर सांगायलासुद्धा आवाज नको का?

ती फुटपाथवर घसा धरून उभी होती, आणि तेवढ्यात गल्लीतून तो आवाज आला. ठक-ठक-ठुक... ठक-ठक-ठुक.

बकुळाची आई रमाबाई लालबागला मसाला कांडायची. मुसळाच्या आवाजावर बकुळा लहानाची मोठी झाली होती. पण हा मुसळाचा नव्हता, दगडावर दगड होता, आणि त्याला असा काही ठेका होता की पाय आपोआप तिकडे वळले. गल्लीत एक खानावळ होती. पाटी होती, ‘तांडेल यांची सिंगापुरी खानावळ’. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच लांबलचक टेबल. आणि टेबलापलीकडे बुटक्या स्टुलावर, दोन गुडघ्यांत काळा दगडी खल धरून, मिरच्या कांडत बसला होता— एक पुरुष! चांगला उंचापुरा, सावळा, कपाळावर केस, आणि मिरचीने डोळ्यांना धारा.

“जेवण संपलं. आता सातला,” तो मान वर न करता म्हणाला.

बकुळाने तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याने वर पाहिलं. ठेका चुकला. पहिल्यांदाच चुकला असावा, कारण आतून कुणीतरी लगेच खाकरलं.

“रागावलात?”

बकुळाने मान हलवली. नाही.

“मग बोलत का नाही? मौनव्रत?”

पुन्हा नाही. तिने घशाकडे बोट केलं, मग दूर जाणाऱ्या घोषणांकडे.

“हां! महाराष्ट्राला आवाज देऊन टाकलात.” तो हसला. हसला की त्याचे डोळे बारीक होत होत नाहीसेच व्हायचे. “पाणी देऊ? अहो, आत या की. उंबऱ्याबाहेर काय?”

बकुळा उंबऱ्याबाहेरच थबकली होती. तिलाही ते तेव्हाच कळलं. अनोळखी घरी पाणी मागताना आपण कुठे थांबायचं, हे आजीपासून पायांना शिकवलेलं असतं, आणि दीक्षा घेतली तरी पाय ते एकदम विसरत नाहीत.

आतून एक बाई बाहेर आली. गोरीपान, बारीक डोळ्यांची, अंगात जाळीदार फुलांचं पोलकं, कमरेला रंगीत लुंगी, अंबाड्यात चांदीच्या तीन पिना, आणि उजव्या मनगटाला पट्टी. बकुळाला वाटलं, ही आता चिनी बोलणार. बाई बोलली ती चक्क मालवणी.

“रे रघ्या! पोरीक भायर कित्याक उभी केलंस? बस गो. घसो बसलो तुझो? रव, काढो देतंय.”

गुलाबी फुलं काढलेल्या चिनी मातीच्या कपात आल्याचा, माडाच्या गुळाचा आणि कसल्यातरी गवताचा काढा आला. कप त्यांच्या रोजच्या मांडणीतला होता. बकुळाने तो दोन्ही हातांनी धरला आणि अगदी हळूहळू प्याली. काढा संपेपर्यंत रघूने खलाकडे एकदासुद्धा पाहिलं नाही.

“नोकरी कुठे करता, एवढं तरी सांगा.”

तिने सांडलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलावर लिहिलं, ‘ट्रंक’. मग आपल्या धीटपणाची तिलाच लाज वाटली, आणि ती पळालीच.

*

चार दिवसांनी आवाज परत आला. पाचव्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरची मृणालिनी कपाळाला हात लावून म्हणाली, “अगं, तो सिंगापूरवाला वेडा परत! तीन दिवस झाले. सिंगापूर हवंय म्हणतो, माझा आवाज ऐकतो, आणि ‘या नव्हेत’ म्हणून ठेवून देतो!”

बकुळाचे कान तापले. “मला दे,” ती म्हणाली आणि वायर आपल्याकडे ओढली. “ट्रंक. कुठला नंबर हवाय?”

पलीकडे इराण्याच्या हॉटेलातला कपबश्यांचा खडखडाट, आणि मग एक मोठा श्वास.

“या... याच त्या.”

“सिंगापुरात कोणाशी बोलायचंय?”

“कोणाशीच नाही.”

“मग सिंगापूर कशाला मागता?”

“एका बाईंनी आमच्या टेबलावर एक शब्द लिहिला आणि गेल्या. अक्षर पाहिलं, आवाज राहिला होता.” तो थोडा थांबला. “चांगला आहे हो. मोर्चाला देऊन टाकायचा आवाज नाही हा.”

“तीन मिनिटं झाली.”

“छे! एकच झालं असेल.”

“ट्रंकची तीन मिनिटं आमच्या घड्याळाने होतात,” बकुळा म्हणाली, आणि तिने वायर काढली. मग किती वेळ ती बोर्डावरच्या रिकाम्या भोकाकडे बघून हसत होती, हे मृणालिनीने सगळ्या खोलीला सांगितलं.

त्या शनिवारी दुपारी बकुळा खानावळीत जेवायला गेली. त्यानंतरच्या शनिवारीही. आणि मग शनिवार उजाडायला एवढा उशीर का करतो, असं तिला वाटू लागलं.

टेबल एकच असल्यामुळे गोदीतला खलाशी, गिरगावातला मास्तर, बोटीवरून उतरलेला चिनी सुतार आणि बकुळा, सगळे एका पंगतीला. नारळाच्या दुधात शिरवाळ्यांसारख्या शेवया, पण आंबट-तिखट आणि वर कोळंबी. आणि एक लाल गोळा, मिरची आणि आंबवलेला जवळा कांडून केलेला. त्याचा वास असा की पहिल्यांदा माणूस नाक धरतो आणि दुसऱ्यांदा ताट पुढे करतो.

“तिखट लागलं?” रघू विचारायचा.

“परळची आहे मी.”

“मग डोळ्यांत काय आलंय?”

“संयुक्त महाराष्ट्र.”

यावर तो इतका हसायचा की आतून आई ओरडायची. आईचं नाव स्वी नियो, पण अख्खं ठाकूरद्वार तिला नियोबाई म्हणायचं. तिची कहाणी रघूनेच सांगितली. शेकडो वर्षांमागे चिनी व्यापारी मलायात आले, तिथल्या बायकांशी संसार केले, त्यांच्या लेकरांची ही जात. तिकडे त्यांना पेरानाकान म्हणतात. बोटीवरचा बुधाजी तांडेल, मालवणचा, हिच्या हातचं जेवला आणि हिच्याशीच लग्न करून तिकडे राहिला; बेचाळीसच्या लढाईत हिला आणि सात-आठ वर्षांच्या रघूला घेऊन मुंबईला आला. गावाने दोघांना वाळीत टाकलं. बुधाजी तीन वर्षांमागे गेला. ट्रंकेत भरून आणलेल्या फुलाफुलांच्या ताटल्या आणि खानावळ तेवढी राहिली.

“माझो हात मोडलो म्हणान ह्यो कांडता,” नियोबाई एकदा शरमून म्हणाली. “नायतर बाप्यान खलाक हात लावची रीत नाय आमची. आमच्याकडे सून बघूक गेलं तर पोरीचा तोंड कोण बघता? भायर रवान खलाचो आवाज आयकतत. ठेको बरो तर पोरगी बरी.”

बकुळाचा घास तोंडातच राहिला. लालबागच्या कांडपिणीची ही लेक, पण तिला खलात लसूणसुद्धा नीट ठेचता येत नव्हता. ‘तू शीक, माझ्यासारखे हात करून घेऊ नकोस,’ म्हणून आईने मुसळाला कधी हातच लावू दिला नव्हता. तिने घाबरून रघूकडे पाहिलं. तो वाढता वाढता तिच्याजवळ वाकला.

“घाबरू नकोस,” तो म्हणाला. तुम्हीचं तू केव्हा झालं, ते दोघांनाही कळलं नाही. “घरात कांडणारा एक आहे की... म्हणजे... तुझी हरकत नसेल तर.”

बकुळाने पाण्याचा पेला उचलला आणि त्याच्या आड तोंड लपवलं. तिच्या छातीत मुसळ चाललं होतं, आणि त्याला ठेका मात्र मुळीच नव्हता.

*

एप्रिल उजाडला. मुंबई मिळाली! एक मेसाठी रस्त्यारस्त्यांत कमानी उठू लागल्या, परळपासून गिरगावापर्यंत दिव्यांच्या माळा चढू लागल्या. लालबागला मसाल्याचा हंगाम, रमाबाई दिवसभर मिरचीत लाल होऊन यायची. अशाच एका शनिवारी तिने बकुळाचा हात धरला.

“हात पुढं कर.”

तिने लेकीची बोटं नाकाशी नेली. डोळे मिटले. 

“मिरची संकेश्वरी. लसूण. जवळा, पन सुका नव्हं, कुजवलेला... नि हे गवत मला ठावं नाय.” तिने डोळे उघडले. “चार महिने दर शनवारी ह्योच वास. कोन हाय तो?”

पोलीस परवडले, पण मसाला कांडणारीचं नाक नको! बकुळाने सगळं सांगितलं. रमाबाई ऐकत गेली, आणि गिरगाव म्हटल्यावर तिचा चेहरा बंद झाला.

“गिरगावातल्या एका बाईचा मसाला मी कांडला होता. तुज्या जन्माच्या आदी. तिखट बघून खूश झाली. मग आडनाव इचारलं. नि माज्यासमोर पाच शेर मसाला गटारात वतला.” ती उठून चुलीकडे गेली. “पुढल्या आयतवारी खेडचं पावनं येतायत तुला बघायला. आपली मान्सं हायत. पोरगा मास्तर हाय. बापाला इचारू नकोस, तो माज्याच तोंडाकडं बघनार.”

बकुळा रडली नाही. आवाज मोर्चात गेला होता, हिंमत नव्हती गेली.

“आये, एकदा त्यांच्याकडे जेव. एकदाच. मग तू म्हणशील तसं.”

रमाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, “शनवारी. पन ताट उचलताना त्यांचं तोंड मी बघनार. तोंड वाकडं झालं, तर दुसऱ्या दिवशी पावन्यांपुढं मुकाट बसायचं.”

*

शनिवारी दुपारी मायलेकी ठाकूरद्वारला उतरल्या. रमाबाईने दीक्षेच्या वेळचं पांढरं पातळ नेसलं होतं. गल्लीच्या तोंडाशी ती एकदम थांबली.

ठक-ठक-ठुक... ठक-ठक-ठुक.

“कोन कांडतंय?”

बकुळा काही बोलणार, तोच आईने हात वर केला. ती डोकं तिरपं करून ऐकत राहिली. गल्लीतून एक हातगाडी गेली, ती जाईपर्यंत थांबली, आणि पुन्हा ऐकू लागली.

“घाई नाय हिला,” ती पुटपुटली. “खांद्यातनं मारत नाय, मनगटातनं मारते. मिरची उडवत नाय, बसवते. असली बाई लालबागेत ऱ्हायली नाय आता.” आणि मग अगदी हळू, “भेटव मला हिला.”

बकुळाने ओठ घट्ट मिटले. हसू आणि भीती, दोन्ही एकदमच बाहेर पडायला बघत होती.

खानावळीत नियोबाईने रमाबाईसाठी टेबलाच्या मधोमध स्टूल ओढलं. रमाबाई बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, “आदी सांगते. आमी बौद्ध. गमरे. खेडच्या म्हारवाड्यातले. मागनं कळलं म्हनून ताटं उचलायची नायत.”

रघू काहीतरी बोलायला पुढे झाला, पण नियोबाईने त्याला मागे सारलं.

“चिनी म्हणतत ही मलायी. मलायी म्हणतत ही चिनी. घोवाचो गाव म्हणता बाटलेली,” ती म्हणाली. “माझ्या टेबलाक एकच बाजू आसा, बाय. जेव मगे.”

रमाबाई बसली. समोर ताटली आली आणि तिने चमकून वर पाहिलं. भात निळा होता. निळाशार, दीक्षेच्या दिवशीच्या झेंड्यांसारखा.

“ह्यो... माज्यासाठी केलास?”

“नाय गो. गोकर्णीच्या फुलांचो. आमच्यात आनंदाच्या दिसाक असोच करतत, माझ्या आजयेपासून.”

रमाबाईने भाताला बोट लावलं. तिच्या खांद्यांवरचं ओझं जरा खाली आलं, ते बकुळाला दिसलं. आता जमलं! तिने टेबलाखाली मुठी वळल्या. आणि मग रघूने मोठ्या कौतुकाने खास भांडं आणलं. त्याच्या वडिलांचा दोस्त लवू सिंगापूरहून घेऊन आला होता ती नऊ काळी फळं, पाच दिवस पाण्यात भिजवून, आत सारण भरून, कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेली. त्याने सर्वात मोठं फळ रमाबाईच्या ताटात ठेवलं.

रमाबाई ताडकन उठली. स्टूल पालथं झालं.

“बिब्बा! माज्या ताटात बिब्बा?”

काळंकुळकुळीत, टणक, चकाकतं. अगदी बिब्ब्यासारखं दिसत होतं खरं! ज्याचं तेल लागलं तर कातडी जळते, तो बिब्बा जेवणात वाढणारं घर म्हणजे कसलं घर? रमाबाईने बकुळाचं मनगट पकडलं. “चल. तोंड वाकडं नाय केलं त्यांनी, सरळ जीवच घ्यायला निघाले!”

“आये, अगं—”

“मावशी!” रघू दारात आडवा झाला. त्याच्या हातात तिचीच ताटली होती. त्याने एका काडीने फळाच्या तोंडातून काळाभोर गर काढला आणि सगळाच्या सगळा तोंडात टाकला. “बिब्बा असेल तर ओठ सुजतील ना? बघा. पाच मिनिटं बघा माझ्याकडे. सुजले, तर मीच तुम्हाला परळला पोचवतो.”

आता रमाबाई म्हणजे रमाबाई. ती खरंच उभी राहिली आणि त्याच्या ओठांकडे रोखून बघत राहिली. नियोबाई बघत राहिली. टेबलावरचा चिनी सुतारही शेवया टाकून बघू लागला. आणि बकुळालाही बघावंच लागलं... पाच मिनिटं... एवढा वेळ, एवढ्या जवळून, आईच्या समक्ष! रघूचे कान लाल झाले, पण ओठ जसेच्या तसे राहिले.

“बस झालं,” बकुळा कशीबशी म्हणाली. “नाही सुजले.”

“तुला इचारलं?” रमाबाई म्हणाली. पण तिने स्टूल सरळ केलं, बसली, दुसरं फळ घेतलं आणि गर जिभेवर ठेवला. चेहरा हलेना. तिने अजून थोडा घेतला. मग लाल गोळ्याला बोट लावलं आणि डोळे मिटले, तसे त्या दिवशी बकुळाच्या बोटांवर मिटले होते.

“ह्ये कोनी कांडलं? मघापासनं आवाज येत होता. त्या बाईला बोलवा.”

 रघूने ताटली खाली ठेवली.

“मी कांडलं, मावशी.”

“तू?”

“माझो हात मोडलो नि...” नियोबाई ओशाळून सांगू लागली, पण रमाबाई ऐकत नव्हती. तिने रघूचा हात ओढून घेतला, उलटा केला, अंगठ्याखालचा घट्टा चाचपला. तिच्या स्वतःच्या हातावर तसाच होता, त्याच जागी.

मग तिने जे विचारलं, ते पंचवीस वर्षं कुणालातरी विचारायचं राहून गेलं होतं. आवाज खाली आला होता. “माज्या हातचं कांडलेलं... तुमच्या घरात चालंल?”

 नियोबाईने अजून पट्टी न सुटलेल्या हाताने रेटत रेटत तो काळा खल फरशीवरून ओढत आणला आणि रमाबाईच्या पुढ्यात ठेवला. मिरच्या घातल्या. दगडी बत्ता तिच्या हातात दिला, आणि स्वतः कान देऊन शेजारी बसली.

ठक-ठक-ठुक.

पहिला ठोका रमाबाईने भीतभीत घातला, दुसरा जरा मोकळा, आणि मग असा काही ठेका धरला की नियोबाईच्या अंबाड्यातल्या पिना डुलू लागल्या. “आयकलंस रे रघ्या?” ती डोळे पुसत ओरडली. “असो कांडूचो आसता!” डोळ्यांत मिरची गेली होती की काय, तीच जाणे. रमाबाईच्याही गेली होती.

“बकुळे,” रमाबाई हात न थांबवता म्हणाली, “उद्याच्या पावन्यांना निरोप धाड. म्हनावं, आयेनं पोरगा ऐकला, पसंत पडला.”

 रघू टेबलाला वळसा घालून बकुळाजवळ आला. बाहेर नाक्यावर कमानीचे बांबू ठोकत होते, आत खल चालला होता, आणि त्याचे डोळे हसता हसता नाहीसे झाले होते.

“तुझ्या आईने ऐकलं. माझ्या आईने ऐकलं,” तो म्हणाला. “मी नाही अजून ऐकलं. बोल ना, बकुळा. लग्न करायचं ना आपण?”

तिने मान हलवली. जोरात, दोनदा.

“मानेने नाही चालणार. ते पहिल्या दिवशी झालं. ट्रंकवर बोलतेस तसं बोल, खणखणीत.”

बकुळाने श्वास घेतला. सगळी खानावळ थांबली होती, खलसुद्धा. तिने तोंड उघडलं.

“लग्न झालंच—”

आणि आवाज गेला. आज घोषणा नव्हत्या, धूळ नव्हती, तरी गेला. ती घसा धरून, हसत, रडत त्याच्याकडे बघत राहिली. तेव्हा खलाच्या दोन बाजूंनी दोन म्हाताऱ्या, एक लालबागची आणि एक सिंगापूरची, एका दमात ओरडल्या,

“पाहिजे!”